अठराव्या वाढदिवसाआधीचं एक वर्ष: दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचे निर्णय त्यांच्या हाती देताना

शाळेत दिव्यांग मुलाचा प्रत्येक कागद आईबाबांच्या सहीने पुढे सरकतो. लेखनिक हवा, आईची सही. विषय बदलायचा, बाबांची सही. मग एक दिवस मूल अठरा वर्षांचं होतं आणि त्या सहीतला कायद्याचा जीव निघून जातो. हे कुणी कळवत नाही. अमेरिकेच्या विशेष शिक्षणाच्या कायद्यात निदान एक सोय आहे: हक्क विद्यार्थ्याकडे जाण्याच्या किमान वर्षभर आधी त्याला तसं सांगावं लागतं आणि सांगितल्याची नोंद त्याच्या शैक्षणिक आराखड्यात असावी लागते. आपल्याकडे शाळेवर असं बंधन नाही. त्यामुळे सतराव्या वाढदिवसाला घरीच कालनिर्णयावर खूण करायची आणि पुढचे बारा महिने हस्तांतराचे समजायचे.

आधी कायद्याचं थोडक्यात. भारतीय सज्ञानता कायदा १८७५ चा आहे आणि त्यात दिव्यांगांसाठी वेगळं वय नाही. ऑटिझम असो, सेरेब्रल पाल्सी असो की बौद्धिक अक्षमता, अठरा पूर्ण म्हणजे सज्ञान. आईबाबा 'नैसर्गिक पालक' असतात ते अज्ञान, म्हणजे अठराखालच्या, मुलाचे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं कलम १३ सांगतं की दिव्यांग व्यक्तीला इतरांसारखीच कायदेशीर क्षमता आहे, तिला मदत करणाऱ्याने तिच्यावर अवाजवी दबाव आणायचा नाही आणि ही मदतीची व्यवस्था ती स्वतः बदलू शकते, मोडूही शकते. म्हणजे गृहीत हे धरायचं की निर्णय तिचा आणि मदत तुमची. दुसरी बाजूही लक्षात असू द्या. लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे ४० टक्के किंवा जास्त, असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा जो हक्क कलम ३१ देतं, तो ६ ते १८ या वयासाठी आहे. पुढे उच्च शिक्षणात सरकारी आणि अनुदानित संस्थांत किमान ५ टक्के जागा आणि वयात ५ वर्षांची सवलत आहे, पण ती मागावी लागते. घरी चालत येत नाही.

वहीत तीन रकाने

दोनशे पानी वही घ्या आणि शिक्षणाशी संबंधित जे जे ठरवलं जातं ते सगळं लिहून काढा. पहिल्या बैठकीत दहाबारा गोष्टी सुचतात, आठवडाभर वही टेबलावर उघडी ठेवली की तीसेक होतात. कोणता कोर्स, कोणतं कॉलेज, मराठी माध्यम की इंग्रजी, लेखनिक कोण, सवलत घ्यायची की नाही, वर्गात दिव्यांगत्वाबद्दल सांगायचं का, अहवाल कुणाला दाखवायचा, ट्रेन की रिक्षा, फी कुणाच्या खात्यातून, बाईंचा फोन आला तर कोण बोलणार.

प्रत्येक गोष्ट तीनपैकी एका रकान्यात जाते: 'मी ठरवते', 'विचारून मी ठरवते', 'अजून आईबाबा ठरवतात'. दर तीन महिन्यांनी निदान चार गोष्टी डावीकडे सरकायला हव्यात. तिसऱ्या रकान्यात काही अडून राहिलं तर त्यासमोर कारण लिहा, आणि कारण तिचं आहे की तुमचं हेही. 'तिला जमणार नाही' हे कारण नाही. 'तिने एकदाही करून पाहिलेलं नाही' हे बहुतेक वेळा खरं कारण निघतं.

काही निर्णय तुम्ही आधीच घेऊन टाकलेले असतात आणि ते तिला वारशाने मिळतात. दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेतलं असेल, तर गणित लागणाऱ्या शाखा बहुतेक हातून गेल्या. त्या वेळी ते योग्यही असेल. पण आता कोर्स निवडताना तिला हे उघड सांगा, नाहीतर ती अर्ज भरत राहते आणि नकार का येतोय ते तिला कळत नाही. नववीतल्या मुलांच्या आईबाबांनी ही ओळ दोनदा वाचावी.

कागद: इथेच बहुतेक गाडी अडते

सगळ्यात जास्त घोळ आधारला जोडलेल्या मोबाइल नंबरचा असतो. नंबर बाबांचा, बाबा अंधेरीला मीटिंगमध्ये, मुलगी घरी प्रवेशाचा अर्ज भरतेय आणि ओटीपी दहा मिनिटांत बाद. तिच्या नावाचं सिमकार्ड घ्या, आधार केंद्रावर नंबर बदलून घ्या आणि त्यानंतर बँक, यूडीआयडी (दिव्यांगत्वाचं ओळखपत्र), महाडीबीटी (शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल) या क्रमाने तोच नंबर सगळीकडे द्या. वय १५ नंतर आधारचे बोटांचे ठसे आणि डोळ्यांचे स्कॅन पुन्हा द्यायचे असतात, तेही राहिलं असेल तर त्याच खेपेत करा. बोटं नीट उघडत नसतील किंवा डोळ्यांचा स्कॅन होत नसेल तर केंद्रावर 'बायोमेट्रिक अपवाद' मागायचा. ती सोय आहे, पण ऑपरेटर स्वतःहून सांगेलच असं नाही.

दुसरा घोळ नावाचा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव. यूडीआयडीवर नाव आधी. आधारवर वडिलांचं नाव गायब. माणसाला कळतं की ही एकच मुलगी आहे, पोर्टलला कळत नाही. दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरा आणि बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्या, उलट करू नका. गुणपत्रिकेतला बदल सगळ्यात किचकट.

यूडीआयडी कार्डावर वैधतेची तारीख पाहा. लहानपणी मिळालेली बरीच प्रमाणपत्रं तात्पुरती असतात. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र १४ व्या आणि १८ व्या वर्षी नव्याने घ्यावं लागतं आणि अठराव्याचं आयुष्यभर चालतं. गोम अशी की हा वाढदिवस नेमका बारावी किंवा प्रवेशाच्या धामधुमीत येतो. मुंबईत सायन, केईएम आणि नायर रुग्णालयांत ही तपासणी होते आणि ती एका बैठकीत संपत नाही, म्हणून तारखेसाठी खेप सतराव्या वर्षाच्या मध्यातच मारून ठेवा. तिथे शाळेचं पत्र, मागच्या वर्षांचे निकाल, कधी वह्याही मागतात. शाळा सोडल्यावर हे कागद जमवणं म्हणजे ताप, म्हणून दाखला घ्यायला जाल त्याच दिवशी शाळेकडून सवलतींच्या मंजुरीची पत्रं आणि जुने मूल्यमापन अहवाल यांच्या प्रती शिक्का मारून घ्या. हाडांच्या आणि हालचालीच्या दिव्यांगत्वासाठी हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था बहुतेकांना ठाऊक असतेच.

बँक. अज्ञानाचं खातं अठराव्या वर्षी आपोआप सज्ञानाचं होत नाही. नवी सही आणि केवायसी होईपर्यंत बँक व्यवहार थांबवू शकते. शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, आणि ते खातं कोणतं याची घरात कुणालाच खात्री नसते. शाळेतलं जुनं झिरो बॅलन्स खातं जोडलेलं असतं आणि पैसे तिकडे पडून राहतात. आधारच्या संकेतस्थळावर जोडलेली बँक दिसते, ती पाहून घ्या. अज्ञान असताना काढलेल्या पॅन कार्डावर फोटो आणि सही नसते, तेही बदलायला टाका.

आणि सही. हा विषय साधा वाटतो, पण नाही. हात थरथरणाऱ्या, किंवा आतापर्यंत कधी सहीच न केलेल्या मुलीला फॉर्मच्या चौकोनात सही करायला सांगितली की दर वेळी वेगळी येते आणि बँक परत पाठवते. लांबलचक नाव नको. तिला सहज जमेल असं काहीतरी ठरवा, अगदी 'सु' आणि खाली एक रेघ चालेल. रोज पाच वेळा, दोन महिने, तीन सेंटिमीटर बाय एक सेंटिमीटरच्या चौकोनात. दृष्टी नसेल तर जाड पुठ्ठ्यात तेवढीच खिडकी कापून ती कागदावर ठेवायची, पेन आपोआप हद्दीत राहतं. लिहिता येतच नसेल तर अंगठ्याचा ठसा चालतो. कायद्यात सहीच्या व्याख्येत खूणही येते. अंगठा आहे म्हणून आईची सही मागणाऱ्या कारकुनाला हे शांतपणे सांगायचं.

निवड खरी आहे की प्रतिध्वनी

बौद्धिक अक्षमता किंवा ऑटिझम असलेल्या मुलांना 'तुला काय हवं?' असं मोघम विचारलं की समोरच्याला खूश करणारं उत्तर येतं, किंवा शेवटचा शब्द परत ऐकू येतो. 'शिवणकाम की बेकरी?' 'बेकरी.' घरात आनंद होतो, फी भरली जाते आणि तीन आठवड्यांनी मूल दारातून बाहेर पडायला तयार नसतं. तो होकार नव्हताच, प्रतिध्वनी होता.

हे ओळखायची रीत सोपी आहे. तोच प्रश्न तीन वेगवेगळ्या दिवशी विचारा. दुसऱ्या दिवशी पर्यायांचा क्रम उलटा करा, 'बेकरी की शिवणकाम?' तिसऱ्या दिवशी आईऐवजी मावशीने किंवा ताईने विचारायचं, आणि या वेळी शब्दांऐवजी फोटो समोर ठेवायचे. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं तर ते धरायला हरकत नाही. दर वेळी शेवटचा पर्याय आला तर अजून माहिती पोचलेलीच नाही असं समजा. एका वेळी दोन, फार तर तीन पर्याय ठेवा, आणि त्यांत कायम एक कार्ड 'अजून ठरलं नाही' याचं असू द्या.

माहिती पोचवायची म्हणजे माहितीपुस्तिका वाचून दाखवायची नाही. जागा दाखवायची. बेकरीच्या वर्गात निदान अर्धा दिवस, भट्टीच्या उष्णतेसकट आणि मिक्सरच्या आवाजासकट. आवाजाचा त्रास होणाऱ्या मुलाला पंधरा मिनिटांत जे कळतं, ते तासभर समजावून कळत नाही. प्रवासही निवडीचाच भाग आहे. कॉलेज आवडलं, पण दादरला गाडी बदलायची असेल तर पश्चिमेवरून मध्य रेल्वेच्या फलाटावर जाणारा तो पूल तिने पाहिलेला हवा. पहिल्या चार फेऱ्या दुपारी बाराच्या सुमाराला, रिकाम्या गाडीने, दिव्यांग डब्यातून, तुमच्यासोबत. पुढच्या चार फेऱ्यांत तुम्ही त्याच गाडीच्या दुसऱ्या डब्यात. गर्दीची वेळ सगळ्यात शेवटी.

ठरलेलं तारखेसह वहीत लिहा, शक्यतो तिच्याच शब्दांत. हीच वही पुढे कधी 'हिला कळत नाही, पालकांनीच ठरवलंय' असं कुणी म्हणालं तर कामाला येते.

चुकू देण्याबद्दल एक व्यवहारी नियम: निर्णय उलटवता येतो का ते पाहा. ऐच्छिक विषय चुकीचा निवडला, पुढच्या सत्रात बदलता येतो, तर चुकू द्या. परत न मिळणारी मोठी फी असेल तर निर्णय एक रात्र आणि एक माणूस थांबवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी आणि कुणा तिसऱ्याशी बोलून. शिक्षणच सोडायचं म्हटलं तरी दार पूर्ण बंद होत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. महाराष्ट्राचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही आहे. पुढे नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

कॉलेजात सवलत तिने मागायची

दहावी-बारावीच्या बोर्डाने दिलेली सवलत कॉलेजात आपोआप येत नाही. नवा अर्ज, तोही सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात. हॉल तिकीट आल्यावर धावपळ करणाऱ्यांचा पहिला पेपर बहुतेक सवलतीविनाच जातो. पत्र तिच्या नावाने, तिच्या सहीने. एवढं पुरतं:

'मी प्रथम वर्ष कला शाखेची विद्यार्थिनी आहे. मला सेरेब्रल पाल्सी असून माझा लिहिण्याचा वेग कमी आहे. मला लेखनिक, दर तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि तळमजल्यावरची खोली हवी आहे. यूडीआयडी आणि मागील मंजुरीची प्रत जोडली आहे. याबाबत कृपया माझ्याशी संपर्क साधावा. माझ्या लेखी परवानगीनेच माझ्या आईशी बोलावं.'

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. कॉलेजं सवयीने घरी फोन लावतात, आणि एकदा तो पायंडा पडला की मोडायला वर्ष जातं. काही मुलांना आईने बोललेलं हवंच असतं, तर मग तसं लिहा: कोणत्या बाबतीत आणि कधीपर्यंत.

तासाला २० मिनिटं हा केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतला किमान आकडा आहे. अडीच तासांच्या पेपरला ५० मिनिटं होतात, अर्ध्या तासावर तडजोड करू नका. दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी असेल तर लेखनिक मिळणारच नाही, असं अजूनही सांगितलं जातं. लिहिण्यात खरोखर अडचण असेल तर टक्केवारीवरून नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात स्पष्ट केलं आणि त्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने वेगळ्या सूचना काढल्या.

लेखनिक तिने निवडायचा. तुमच्या मैत्रिणीची हुशार मुलगी चांगली असेलही, पण पेपर दोघींचा आहे. स्वतःचा लेखनिक आणताना त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी असावं असा केंद्राच्या २०१८ च्या सूचनांत नियम होता. परीक्षेनुसार नियम बदलतात, म्हणून त्या त्या परीक्षेची पुस्तिका पाहायची. तीन पूर्ण पेपर घड्याळ लावून एकत्र सोडवा. पहिल्यात दोघींची लय जुळत नाही: ही भराभर सांगते, ती मागे राहते, मग 'काय म्हणालीस?' मध्ये वीस मिनिटं जातात. दुसऱ्यात खुणा ठरतात, परिच्छेद बदलला की टेबलावर एक टकटक, विशेषनाम आलं की अक्षर सुटं करून सांगायचं. तिसऱ्यात वेळ बसतो. आणि दुसरा लेखनिक तयार ठेवा. पावसाळ्यात ट्रेन बंद पडणं हा मुंबईत अपवाद नाही.

अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांनी सेंट झेविअर्स कॉलेजातलं दृष्टिहीनांसाठीचं संसाधन केंद्र आणि सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयाची नोंदणी, या दोन्हींची चौकशी प्रवेशाआधीच करावी. पुस्तकं वाचता येतील अशा स्वरूपात मिळणार की नाही, यावर विषय निवडणं पुष्कळदा अवलंबून असतं.

बैठकीत पहिलं वाक्य तिचं. प्राचार्य तुमच्याकडे बघून 'हिला काय झेपेल?' असं विचारणार, हे धरूनच चला. उत्तर देऊ नका, तिच्याकडे बघा. ती बोलायला दहा सेकंद घेईल आणि ते दहा सेकंद सगळ्यांना जड जातील. घरी याचा सराव करताना आईबाबांनी गप्प बसायचा सराव करायचा असतो.

पालकत्वाचा अर्ज: घाईने नको

बँकेत एक फॉर्म अडला की कुणीतरी सांगतं, 'पालकत्व प्रमाणपत्र काढून टाका, कटकट मिटेल.' राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारच प्रकारांत स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. समितीचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात, सोबत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. मुंबईत जिल्हे दोन आहेत: शहरासाठी फोर्टला जुनं जकात घर, उपनगरासाठी वांद्रे पूर्व. सायन शहरात येतं आणि कुर्ला उपनगरात. चुकीच्या कार्यालयात अर्ज दिला की महिना फुकट जातो.

अंध, कर्णबधिर किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांसाठी हा मार्गच नाही, आणि त्यांना त्याची गरजही नाही.

अर्ज नमुना 'अ' मध्ये, आईबाबांनी मिळून. एकट्याने द्यायचा असेल तर मृत्यू, घटस्फोट, विभक्तपणा, सोडून जाणं असं कारण लागतं. समितीने दोन गोष्टी तपासायच्या असतात: पालकाची गरज आहे का, आणि नेमकी कशासाठी. म्हणून 'सर्व बाबींसाठी' असं लिहू नका. 'बँक खातं आणि मालमत्ता' एवढंच लागत असेल तर तेवढंच लिहा आणि शिक्षणाचे निर्णय तिच्याकडे राहू द्या. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १४ तर पालकत्वाकडे मर्यादित, ठरावीक काळाची, परस्पर विश्वासावर चालणारी आणि व्यक्तीच्या इच्छेनुसार वागणारी व्यवस्था म्हणूनच बघतं. पालकत्व मिळालं की जबाबदारीही येते. मुलाच्या नावावरच्या मालमत्तेची यादी सहा महिन्यांत आणि हिशेब दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत समितीकडे द्यायचा असतो. हे बऱ्याच घरांत राहून जातं.

नाही म्हणाले तर

दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २३ मधला तक्रार निवारण अधिकारी नोकरीतल्या तक्रारींसाठी असतो, म्हणून आधी कॉलेजकडेच लेखी तक्रार करा. तिथे काम झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती, आणि पुण्यातले राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त. तक्रार विद्यार्थिनीच्याच नावाने करा. आईच्या नावाने केली तर 'अर्जदार त्रयस्थ' म्हणून परत येण्याची शक्यता राहते. नकार तोंडी मिळाला असेल तर त्याच संध्याकाळी ईमेल करा: 'आज दुपारी आपण सांगितलंत की लेखनिक मिळणार नाही, कृपया कारण लेखी कळवावं.' कागद हातोहात दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक हे तिन्ही घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. ती प्रत तिच्याच फायलीत राहील, आणि फाइल तिच्याच कपाटात.